नंबर -13, प्रेशर 15, आणि दोन डॉक्टरांची दोन मतं : नस खरंच खराब होतेय का?

कोरांटी · 3 जून, रात्री 10:52

नमस्कार. तीन आठवडे लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

वय 41. उजव्या डोळ्याचा नंबर -13, डाव्याचा -11.5. बालवाडीत असतानाच चष्मा लागला. शाळेत सोडाबाटली, ढापणी सगळं ऐकून झालंय, पण नंबर सोडला तर डोळ्यांनी कधी त्रास दिला नव्हता. कॉन्टॅक्ट लेन्स घालते, नोकरी करते, गाडी चालवते.

मागच्या महिन्यात ऑफिसला निघताना आरशासमोर उभी होते. डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून तो मिटला. उजव्या डोळ्याने आरशातल्या डोळ्याकडे पाहिलं तर कपाळावर टिकली नव्हती. वाटलं पडली. बोट लावून पाहिलं तर जागच्या जागी होती. दोन्ही डोळे उघडले की दिसायची, डावा मिटला की कपाळ कोरं. काळा डाग नाही, धूसर नाही, नुसतं कोरं कपाळ. मी दहा वेळा करून पाहिलं आणि मग पलंगावर बसून राहिले.

त्याच आठवड्यात एका डॉक्टरांकडे गेले. प्रेशर दोन्ही डोळ्यांत 15. ओसीटी (नसेच्या तंतूंची जाडी मोजणारा स्कॅन) केली, तर रिपोर्टवर डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या दोन्ही नसांभोवती जिकडेतिकडे लाल. फिल्ड टेस्टमध्ये (नजरेच्या कोणत्या भागात दिसत नाही ते तपासतात ती) उजवीकडे एक-दोन ठिपके, पण 'टेस्ट विश्वासार्ह नाही' असा शेरा. ते म्हणाले, काचबिंदू आहे, आजपासून रोज रात्री थेंब, कायमचे.

घाबरून दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनीही नीट वेळ देऊन तपासलं. म्हणाल्या, एवढ्या नंबरच्या नसा अशाच वाकड्या आणि फिक्या दिसतात, ओसीटी लाल येणारच, प्रेशर नॉर्मल आहे, सहा महिन्यांनी या.

दोघंही घाईतले किंवा पैशाच्या मागचे वाटले नाहीत. म्हणूनच कळत नाहीये. कोणाचं ऐकू? थेंब आणलेत, बाटली फ्रिजमध्ये न उघडता पडून आहे.

---

सह्यकडा · 3 जून, रात्री 11:20

ताई, काळजी करू नका. माझाही नंबर -9 आहे. पण एक कळलं नाही. काचबिंदू म्हणजे डोळ्याचं प्रेशर वाढणं ना? 15 तर नॉर्मल आहे. मग काचबिंदू कसा म्हणाले?

---

मोरपीस · 4 जून, सकाळी 7:15

कोरांटी, आधी एक विचारते. डॉक्टरांना टिकलीबद्दल सांगितलंस का? दोघांनाही?

---

कोरांटी · 4 जून, सकाळी 8:02

पहिल्यांना सांगितलं होतं. दुसऱ्यांकडे गेले तेव्हा नाही. त्यांनी 'काय त्रास होतो' विचारलं आणि मी सरळ रिपोर्ट पुढे केले. खरं तर सांगायची लाज वाटली. टिकली दिसत नाही, ही काय तक्रार झाली असं वाटलं.

---

पांथस्थ · 4 जून, दुपारी 2:40

मी नेत्रतज्ज्ञ आहे, सांगलीकडे 30 वर्षं काम केलं. इथे बसून कोणाचं निदान करणार नाही. पण गोंधळ कशामुळे होतो ते सांगू शकतो, कारण हा गोंधळ आमच्याही रोजच्या कामातला आहे.

आधी सह्यकडा यांचा प्रश्न. काचबिंदू हा मुळात नसेचा आजार. प्रेशर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण, पण प्रेशर म्हणजे काचबिंदू नव्हे. जपानमध्ये ताजिमी नावाच्या शहरात 2000-01 साली चाळिशीपुढच्या लोकांची तपासणी झाली. नेहमीचा, म्हणजे उघड्या कोनाचा काचबिंदू ज्यांना सापडला त्यांच्यातल्या 92 टक्के लोकांचं प्रेशर 21 किंवा त्याखाली होतं. म्हणजे ज्याला आपण 'नॉर्मल' म्हणतो त्याच मर्यादेत. त्याच अभ्यासात मायनस नंबर हा धोका वाढवणारा घटक म्हणून पुढे आला. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्सच्या पाहणीतही (1999) -3 च्या पुढच्या नंबरवाल्यांमध्ये काचबिंदूचं प्रमाण नंबर नसलेल्यांच्या सुमारे तिप्पट दिसलं होतं.

आता हे का होतं. साधारण माणसाचा डोळा पुढून मागे 23.5 ते 24 मिलिमीटर लांब असतो. -12, -13 नंबर म्हणजे डोळा 28-29 मिलिमीटरपर्यंत लांबलेला. फुगा ओढल्यावर रबर पातळ होतं तसं मागचं सगळं आवरण पातळ होतं. नस डोळ्यातून बाहेर पडते तिथे एक चाळणी असते. नसेचे दहा-बारा लाख तंतू त्या चाळणीच्या भोकांतून मागे जातात. चाळणीच्या पुढे डोळ्याचं प्रेशर, मागे नसेभोवती मेंदूकडून आलेल्या पाण्याचं प्रेशर. लांबलेल्या डोळ्यात ही चाळणीच ताणली जाऊन पातळ होते, त्यामुळे तेच 15 प्रेशर तिला जड जातं. जाड भिंतीला जो धक्का काहीच नाही त्याने पातळ भिंतीला तडा जातो, तसं समजा.

इथवर सोपं आहे. अवघड पुढे आहे. अशा डोळ्यात नस तिरकी बाहेर पडते, तिच्या कडेला पांढरी चंद्रकोर असते, तिचा रंग मुळातच फिका असतो, आणि मधला खळगा (ज्यावरून आम्ही काचबिंदू ओळखतो) उथळ असतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी फसायला होतं. चांगली नस खराब वाटते आणि खराब नस 'नंबरामुळे अशी आहे' म्हणून सुटून जाते.

ओसीटीचं म्हणाल तर ते मशीन तुमच्या तंतूंची जाडी मोजतं आणि त्याच्या पोटातल्या 'नॉर्मल' लोकांशी ताडून हिरवा, पिवळा, लाल रंग देतं. त्या नॉर्मल लोकांत मोठ्या नंबरवाले बहुधा घेतलेलेच नसतात. शिवाय मोठ्या नंबरात तंतूंचे जाड जुडगे कानशिलाच्या बाजूला सरकलेले असतात आणि मशीन ते नेहमीच्या जागी शोधतं. मग लाल येतं. लाल म्हणजे 'त्या लोकांसारखे तुम्ही नाही', एवढंच.

म्हणून कोरांटी ताई, तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. हा वाद आजच्या कागदावर सुटणार नाही. तुमच्या नसेची तुलना दुसऱ्या कोणाशी नाही, तुमच्याच जुन्या नसेशी करायला हवी. जन्माची घडण असेल तर दहा वर्षांपूर्वीही ती तशीच असेल. आजार असेल तर बदललेली असेल. तुमच्याकडे जुना काही रिपोर्ट आहे का? पडद्याचा फोटो, जुनी ओसीटी, नसेचं हाताने काढलेलं चित्र, काहीही? घरात शोधा. आणि टिकलीचं दुसऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. तुमच्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा मला ती टिकली जास्त महत्त्वाची वाटते.

---

शेवंती72 · 4 जून, संध्याकाळी 6:30

पांथस्थ डॉक्टर, तुमचं वाचून पोटात कालवलं. माझं लिहिते, म्हणजे दुसऱ्या कोणाचं तसं होणार नाही.

माझा नंबर -9 होता. 2004 साली लेसिक (नंबर घालवायचं लेसर) केलं. चष्मा गेला, जन्म बदलल्यासारखा वाटला. त्यानंतर 14 वर्षं मी डोळ्यांच्या डॉक्टरांचं तोंड पाहिलं नाही. कशाला पाहायचं, नंबरच राहिला नव्हता. मध्ये दोनदा सोसायटीतल्या शिबिरात हवेच्या मशीनवर प्रेशर तपासलं, 13 आणि 14. छान आहे म्हणाले. लेसर झालंय हे मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

2018 च्या दिवाळीत जिना उतरताना शेवटची पायरी चुकले. मग पुन्हा एकदा. चाळिशीचा चष्मा लागला असेल म्हणून गेले तर डाव्या डोळ्याचं खालचं अर्ध दिसणं गेलेलं. डॉक्टरांनी समजावलं की लेसरने फक्त डोळ्याची पुढची काच (कॉर्निया) घासून पातळ केली, डोळा मागे होता तेवढाच लांब आहे. आणि पुढची काच पातळ झाल्यामुळे प्रेशर मशीनवर खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं. माझं 14 हे 14 नव्हतंच.

आज उजवा डोळा चांगला आहे, थेंबांवर सांभाळून आहे. डाव्याचं गेलं ते परत आलं नाही. लेसिकच्या आधीचे कागद मागितले तेव्हा तिथे सापडले नाहीत, आणि मी माझी फाईल घर बदलताना रद्दीत घातली होती. मुलींनो, चष्मा गेला तरी तो डोळा -9 चाच असतो. लेसरच्या आधीचा नंबर, आधीचं प्रेशर, काचेची जाडी, हा एक कागद सोन्यासारखा जपा.

---

चिंचबोर · 4 जून, रात्री 9:05

शेवंती ताई, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझं लेसर 2016 चं, -7.5 होता. उद्याच त्या दवाखान्यात फोन करून जुने कागद मागते.

---

मोरपीस · 5 जून, दुपारी 1:10

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टरांच्या हाताखाली फिल्ड टेस्ट घ्यायचं काम करते, त्यामुळे तेवढ्यापुरतंच बोलते.

कोरांटी, तुझी टेस्ट 'विश्वासार्ह नाही' आली यात तुझा दोष नाही. मोठ्या नंबरवाल्यांना चष्म्यासारखी जाड भिंग-काच समोर लावून टेस्ट घेतात. त्या काचेची कडाच नजरेच्या आड येते आणि बाहेरच्या बाजूचे ठिपके चुकतात. तुझ्याकडे कॉन्टॅक्ट लेन्स आहेत ना? मग पुढच्या वेळी लेन्स घालून टेस्ट देता येईल का विचार. मी माझ्याकडच्या -8, -10 वाल्यांना तसंच बोलावते, खूप फरक पडतो. बाहुली मोठी करायचे थेंब टाकायच्या आधी टेस्ट झाली पाहिजे. सकाळी पोटभर खाऊन, झोप झालेली असताना जा. पहिली टेस्ट बहुतेकांची बिघडते, सवय नसते. बटण दाबायला उशीर झाला, एखादा ठिपका सुटला, तर सुटू दे. अर्धे ठिपके न दिसणं हेच त्या टेस्टचं चालणं आहे, मशीन मुद्दाम दिसेनासे होईपर्यंत दिवे मंद करत नेतं. हे कोणी आधी सांगत नाही आणि माणसं घाबरून सगळीकडे बटण दाबत सुटतात.

दुसरं जास्त महत्त्वाचं. नेहमी करतात ती 24-2 नावाची टेस्ट. तिच्यात दोन ठिपक्यांमध्ये 6 अंशांचं अंतर असतं. तुझी टिकली आरशात साधारण 3 अंशांवर येत असेल, म्हणजे दोन ठिपक्यांच्या फटीतच सापडते. मधल्या भागाची वेगळी टेस्ट असते, 10-2. तिच्यात ठिपके 2-2 अंशांवर. मोठ्या नंबरात पुष्कळदा नुकसान नजरेच्या मध्याजवळच सुरू होतं, म्हणून ही टेस्ट करता येईल का हे डॉक्टरांना विचार. वेळ पंधरा-वीस मिनिटं जास्त, पण तुझ्या प्रश्नाला सरळ भिडणारी आहे.

---

आनंदयोगी · 5 जून, संध्याकाळी 7:45

कोरांटी ताई, धीर सोडू नका. मी 20 वर्षं योग करतो आणि शिकवतो. रोज त्राटक, सकाळी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणं आणि शीर्षासन, याने डोळ्यांकडे रक्तपुरवठा वाढतो. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांना हलकं वाटलंय. औषधं आयुष्यभर घेण्याआधी तीन महिने करून बघा.

---

पांथस्थ · 5 जून, रात्री 8:30

आनंदयोगी, तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, आणि प्राणायाम, चालणं, शांत झोप यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण शीर्षासन मात्र कृपया सांगू नका. 2006 साली चेन्नईच्या डॉक्टरांनी योग करणाऱ्यांचंच प्रेशर शीर्षासनात मोजलं, ते जवळजवळ दुप्पट होतं. नियमित सराव असलेल्यांचंही. ज्याची नस नाजूक आहे त्याने डोकं खाली आणि पाय वर अशी आसनं टाळावीत. तुमच्या वर्गात कोणी काचबिंदूचे किंवा जाड मायनस चष्म्याचे असतील तर त्यांना एकदा विचारून घ्या, एवढी विनंती.

घरी केलेल्या काढ्याने डोळे धुणंही नको, विशेषतः लेन्स घालणाऱ्यांनी. जंतुसंसर्ग झाला तर पुढच्या काचेवर फूल पडतं.

आणि तीन महिने थांबण्याबद्दल. नसेचे सुकलेले तंतू कशानेच परत येत नाहीत, आमच्या थेंबांनीही नाही. थेंब राहिलेले वाचवतात.

---

आनंदयोगी · 5 जून, रात्री 9:12

डॉक्टर, हे माहीत नव्हतं. वर्गात दोन जण जाड चष्म्याचे आहेत. उद्यापासून त्यांचं शीर्षासन बंद. धन्यवाद.

---

संत्र्याचीबाग · 6 जून, सकाळी 11:25

नागपूरहून लिहितो. विषय थोडा बाजूचा, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा मुलगा आता 16 चा. नंबर -7. लहानपणापासून उन्हाळा लागला की डोळे लाल, खाज, चोळ चोळ चोळायचा. एकदा डॉक्टरांनी थेंब दिले, दोन दिवसांत आराम. मग आम्ही काय केलं, दरवर्षी तीच रिकामी बाटली नेऊन मेडिकलवाल्याला दाखवायची आणि नवीन आणायची. दोन वर्षं असं चाललं. ते स्टेरॉइड होतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. चौदाव्या वर्षी चष्म्याचा नंबर काढायला नेलं तर प्रेशर 38. डोळा दुखला नाही, लाल झाला नाही, पोरगा क्रिकेट खेळत होता. एका डोळ्याची नस बरीच गेली, ऑपरेशन करावं लागलं.

तेव्हा डॉक्टर म्हणाले की स्टेरॉइडने सगळ्यांचंच प्रेशर वाढत नाही, पण मोठ्या मायनस नंबरवाल्यांचं वाढण्याची शक्यता जास्त असते. रिकामी बाटली दाखवून थेंब आणू नका हो कोणी. बाटलीवरचं नाव डॉक्टरांना दाखवून विचारा.

---

शेवंती72 · 6 जून, दुपारी 12:40

दादा, मुलगा आता कसा आहे?

---

संत्र्याचीबाग · 6 जून, दुपारी 3:18

बरा आहे ताई. प्रेशर 12-13 राहतं. अकरावीला आहे. दर चार महिन्यांनी नेतो. त्याची सगळी कागदं तारखेवारी लावून ठेवली आहेत, आता तो स्वतःच फाईल काखेत मारून पुढे चालतो.

---

खाडीकाठ · 7 जून, सकाळी 6:50

सिंगापूरहून. इथे तरुणांपैकी सुमारे 80 टक्क्यांना मायनस नंबर आहे, त्यामुळे शाळेपासूनच डोळ्यांकडे बारीक लक्ष असतं. माझी मुलगी 9 वर्षांची, -4.5. तिच्या डॉक्टर नंबराबरोबर दर सहा महिन्यांनी डोळ्याची लांबी मोजून कार्डावर लिहून देतात. नंबर स्थिर दिसला तरी लांबी वाढली का ते कळतं. नंबर वाढणं मंदावावं म्हणून रात्री अगदी कमी ताकदीचे अॅट्रोपिनचे थेंब चालू आहेत, आणि रोज दोन तास घराबाहेर उजेडात खेळायचं हा डॉक्टरांचा नियम.

प्रश्न असा, की -6 च्या आत रोखलं तर पुढे नसेचा धोका टळतो का?

---

पांथस्थ · 7 जून, दुपारी 1:55

टळतो असं म्हणणार नाही, कमी होतो. धोका एका आकड्यावर अचानक सुरू होत नाही, नंबराबरोबर चढत जातो. बीजिंगच्या मोठ्या पाहणीत -6 च्या पुढे तो ठळकपणे वाढलेला दिसला. म्हणून -9 होणारा डोळा -6 वर थांबला तर ते फार मोठं काम झालं. मुलीची लांबी मोजतात हे उत्तम. आपल्याकडेही मोठ्या गावांतून हे मशीन आता सहज मिळतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी भिंगाचा नंबर काढायला तेच वापरतात. पालकांनी मागायला हरकत नाही.

अॅट्रोपिन मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. दुकानातलं नेहमीचं अॅट्रोपिन 1 टक्का ताकदीचं असतं, ते हे नव्हे.

---

जुनावाडा · 8 जून, रात्री 10:05

वय 63, नंबर -10. 11 वर्षं थेंब टाकतोय. कोरांटी, तुझ्या फ्रिजमधल्या बाटलीबद्दल लिहितो, कारण मलाही 'कायमचे' या शब्दाचीच भीती वाटली होती.

रात्री एक थेंब. खालची पापणी ओढून तिथे खोबण करायची, थेंब सोडायचा, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. लेन्स आधी काढायच्या, पंधरा मिनिटांनी हव्या तर परत घालायच्या. बाटली उघडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहितो, महिन्याने नवी. माझ्या पापण्या लांब झाल्या आणि डोळ्याभोवतीची कातडी जरा काळवंडली, बाकी काही नाही. माझ्या मित्राला दुसऱ्या प्रकारचे थेंब दिले होते, त्याला दमा होता आणि त्याने तो सांगितला नव्हता. दोन दिवसांत धाप लागली. दमा, नाडी मंद असणं, हृदयाच्या गोळ्या, हे सगळं आधी सांगायचं.

11 वर्षांत माझी फिल्ड जवळपास तिथेच आहे. अजून रोज पेपर वाचतो.

---

कोरांटी · 29 जून, रात्री 9:30

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. सविस्तर लिहिते.

पांथस्थ काका म्हणाले तसं जुने कागद शोधले. पुण्यात काहीच नव्हतं. मग आठवलं की 2013 ला बाळंतपणाच्या आधी साताऱ्याला माहेरी असताना नंबर जास्त म्हणून पडदा तपासला होता, एका जागी पातळ होता म्हणून लेसरही केला होता. बाबांना फोन केला. बाबा पोस्टातून निवृत्त, घरातला एक कागद टाकत नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन आला, लोखंडी ट्रंकेत माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेखाली पिवळं पाकीट आहे, आत चिठ्ठी आणि एक सीडी. सीडी लावायला घरी काही नव्हतं. कॉलनीतल्या लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओवाल्याने पेन ड्राइव्हवर काढून दिली, पैसे घेतले नाहीत.

ते फोटो घेऊन त्याच दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. या वेळी आधी टिकली सांगितली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, 'हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत?' मग 2013 चा आणि आजचा फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावला. मलाही दाखवलं. चंद्रकोर तशीच. तिरकेपणा तसाच. फिका रंग तसाच. डावी नस अगदी जशीच्या तशी. पण उजव्या नसेची खालची कडा 2013 ला जाड होती, ती आता कुरतडल्यासारखी बारीक झालीय. त्या म्हणाल्या, नसेच्या खालच्या कडेला मार लागला की वरच्या बाजूचं दिसणं जातं, म्हणून टिकली. लेन्स घालून 10-2 केली (मोरपीस, तुझ्यामुळे). बरोबर मध्याच्या वर एक काळा चौकोन आला, दोनदा करून तिथेच. काचेची जाडीही मोजली, 498 मायक्रॉन, म्हणजे पातळ. माझं 15 बहुधा खरं 15 पेक्षा थोडं जास्त असावं.

म्हणजे उजव्या डोळ्याला काचबिंदू आहे. डाव्याला सध्या नाही, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. 'दोन्ही लाल' हेही पूर्ण खरं नव्हतं आणि 'दोन्ही नंबरामुळे' हेही नव्हतं. बाईंनी स्वतःच पहिल्या डॉक्टरांना फोन करून फोटो पाठवले. दोघांचं ठरलं, उजव्या डोळ्यात रात्री एक थेंब, प्रेशर 15 वरून 10-11 वर आणायचं, सहा आठवड्यांनी पाहायचं.

आता मनातलं. त्या रात्री झोप लागली नाही. मुलगी 12 वर्षांची आहे. तिचं लग्न वगैरे नाही, तिचा चेहरा मला किती वर्षं पूर्ण दिसेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. काका, हे आंधळेपणापर्यंत जातं का? खरं सांगा.

---

पांथस्थ · 29 जून, रात्री 11:10

खरंच सांगतो.

उपचार न केल्यास जाऊ शकतं. पण तुम्ही ज्या टप्प्यावर आहात तिथून, उपचार आणि तपासण्या चालू असताना, बहुतेकांचं जात नाही. नॉर्मल प्रेशरच्या काचबिंदूवर एक मोठा अभ्यास झाला, 1998 ला प्रसिद्ध झाला. प्रेशर 30 टक्क्यांनी उतरवलेल्यांपैकी 12 टक्क्यांचे डोळे पुढे बिघडले, उपचाराशिवाय ठेवलेल्यांपैकी 35 टक्क्यांचे. यात दोन गोष्टी पाहा. उपचाराने बिघडण्याचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्यावर आलं. आणि उपचाराशिवायही दोन तृतीयांश लोक त्या काळात स्थिर राहिले, म्हणजे हा आजार पुष्कळांमध्ये फार सावकाश चालतो. 15 वरून 10-11, हे तेच 30 टक्के आहेत. तुमचे डॉक्टर योग्य दिशेने चाललेत.

मोठ्या नंबरच्या तरुण डोळ्यांत असंही दिसतं की डोळा लांबत असताना नसेला मार बसतो आणि लांबणं थांबल्यावर तो तिथेच थांबतो. 2007 साली 16 तरुण चिनी पुरुषांबद्दल असा लेख आला होता, सात वर्षं त्यांच्यात बदल झाला नाही. तुमचं तसं आहे की नाही हे आज मी सांगू शकत नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांच्या फिल्ड सांगतील. म्हणून पहिल्या वर्षी जरा लवकर लवकर टेस्ट होतील, कंटाळू नका.

थेंबांनी भागलं नाही तर लेसर आहे, ऑपरेशन आहे. फक्त एक लक्षात असू द्या. मोठ्या नंबरच्या, त्यातही कमी वयाच्या डोळ्यात ऑपरेशननंतर प्रेशर फार खाली जाऊन पडद्याला सुरकुत्या पडू शकतात, म्हणून कधी वेळ आलीच तर असे डोळे नेहमी हाताळणाऱ्या सर्जनकडेच जा.

आणि नस सांभाळताना पडदा विसरू नका. अचानक विजा चमकल्यासारखं झालं, काळ्या माश्यांचा थवा दिसला, कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं, किंवा सरळ रेघ वाकडी दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जायचं.

सख्खी भावंडं आहेत का? त्यांची तपासणी झालीय?

---

मोरपीस · 30 जून, सकाळी 7:40

कोरांटी, फोटो सापडला हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. बाबांना माझा नमस्कार सांग.

---

सह्यकडा · 30 जून, सकाळी 10:15

काल जाऊन आलो. -9, प्रेशर 16, नस 'संशयित'. माझ्याकडे जुनं काहीच नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी रंगीत फोटो, ओसीटी आणि दोन्ही फिल्ड आत्ता करून ठेवल्या. थेंब दिले नाहीत. सगळं ईमेलवर मागून घेतलं आणि एक प्रिंट बायकोकडे दिली.

---

कोरांटी · 18 ऑगस्ट, रात्री 8:20

सहा आठवडे झाले. उजव्या डोळ्याचं प्रेशर 11. थेंब एकही रात्र चुकला नाही, जुनावाडा काकांसारखी तारीख बाटलीवर लिहिते.

भावाचा नंबर -8 आहे, तो आजवर टाळत होता. त्याचीही जुनी कागदं बाबांच्या ट्रंकेतच निघाली, 2009 चा पडद्याचा फोटो. शनिवारी सकाळी साडेदहाची वेळ घेतलीय. बाबा पाकीट घेऊन शुक्रवारच्या एसटीने येतायत. कुरिअर करा म्हटलं, तर नको म्हणाले, हरवलं तर?